पिक्चर संपल्याशिवाय पाणी नाही

माझा मामा शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या एका थेटरचा मॅनेजर होता. त्यानं लग्न केलं नव्हतं, तो आमच्याकडेच राहायचा. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेत निघाल्यासारखा थेटरात निघायचा. आईला त्याच्या नोकरीची लाज वाटायची. आईच्या माहेरी आजोबांपर्यंत सगळ्यांनी भिक्षुकी केली, नाहीतर कारकुनी. हा एकटाच पिक्चरच्या नादी लागलेला. नातेवाइकांनी विचारलं की आई सांगायची, "तो खाजगीत आहे." पुढचं कुणी विचारू नये म्हणून लगेच चहा टाकायला उठायची.

थेटर निजामाच्या काळातलं. दर्शनी भिंतीवर उर्दूत कोरलेलं नाव, त्याखाली मराठीत रंगवलेलं नाव, आणि दोन्हींवर कबुतरांचं राज्य. खाली लाकडी बाकडी, वर बाल्कनी, उजव्या अंगाला जनाना, म्हणजे बायकांचा वेगळा कप्पा. जनान्यापुढं जाड हिरवा पडदा होता. दिवे चालू असेपर्यंत तो लावलेला असायचा. अंधार झाला की मामा स्वतः जाऊन तो बाजूला ओढायचा, आणि इंटरव्हलचे दिवे लागायच्या आत पळत जाऊन पुन्हा लावायचा. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. "पडदा आहे म्हणून आपल्याकडं घरंदाज बायका येतात," असं त्याचं म्हणणं. बायका येत नव्हत्या. पुरुषही येत नव्हते. सिडकोच्या पलीकडं रोज नवी बिल्डिंग उठत होती, घरोघरी टीव्ही आला होता, आणि ढेकणांच्या बाकड्यावर बसायला शहागंजपर्यंत कोण तंगडतोड करणार?

जे दोन-चार यायचे ते दुपारची झोप काढायला यायचे, कारण थेटरात गारवा होता. मागच्या अंगणात दगडी बावडी होती. तिचं पाणी मोटारीनं वर चढवून वाळ्याच्या पडद्यांवर सोडायचे आणि मागून मोठे पंखे लावायचे. भर मे महिन्यात आत शिरलं की अंगावर काटा यायचा. मात्र मामाच्या थेटरात झोपायची सोय नव्हती. कुणी घोरायला लागलं की मामा टॉर्च घेऊन जायचा आणि खांदा हलवून म्हणायचा, "उठा, महत्त्वाचा सीन आहे." एकदा एका माणसानं वैतागून विचारलं, "तिकीट काढलंय ना मी?" मामा म्हणाला, "काढलंय म्हणूनच उठवतोय." तिकीट काढलेल्या माणसानं पिक्चर पुरता बघितलाच पाहिजे हा मामाचा धर्म होता, आणि मला त्याचा मनापासून राग यायचा, कारण मी पेंगायला लागले की मलाही तो असंच उठवायचा.

मालक म्हातारे होते. त्यांना थेटरचं प्रेम नव्हतं, पण कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्यावर थेटर टिकून होतं. त्यांच्या मुलाला मात्र तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. तो अधूनमधून यायचा आणि मामासमोर टेपनं जागा मोजायचा. मामा त्याला चहा पाजायचा, आणि तो गेला की त्या दिवशी रात्री जेवायचा नाही. थेटर पडलं तर आपण काय करायचं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. एकदा आईनं विचारलं, "अरे, पडलं तर पडलं, घरी बस, पेन्शनीतल्या माणसासारखा." मामा म्हणाला, "घरी बसून काय बघू?" आई म्हणाली, "मला बघ." मामानं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि तो पुन्हा थेटरात गेला.

मग दुष्काळाची वर्षं लागली. पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. नळाला चार-चार दिवस पाणी येईना. देवगाव रंगारी, सोयगावकडची माणसं बिल्डिंगांच्या कामावर यायला लागली. गंमत अशी की बिल्डिंगांच्या सिमेंटला पाणी होतं, सिमेंट कालवणाऱ्यांना नव्हतं. आमच्या गल्लीत टँकर आला की आई, जी कधी उंबऱ्याबाहेर मोठ्यानं बोलली नव्हती, ती पदर खोचून कळशीनं लोकांना ढोसायला शिकली. आणि या सगळ्यात थेटरची बावडी तुडुंब. लोक म्हणायचे, जुन्या नहरीचं पाणी आहे, जमिनीखालच्या खापराच्या नळ्यांतून येतं, आटायचं नाही.

मालकाच्या मुलाला लगेच सुचलं. पिक्चर बंद करायचा, गेट उघडायचं, टँकर भरायचे. म्हाताऱ्या मालकांनाही ते पटायला लागलं. तेव्हा मामानं आयुष्यातली एकमेव धंद्याची गोष्ट केली. तो मालकांना म्हणाला, "पाणी विकलं तर उद्या सरकार बावडी ताब्यात घेईल. पिक्चर विका. पाणी त्याच्याबरोबर फुकट द्या." तिकिटामागं एक हंडा. मालकांनी मान डोलावली. मामानं त्यात आपला धर्म घुसवला, आणि दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवर पाटी लागली: पिक्चर संपल्याशिवाय पाणी नाही.

पहिल्या खेळाला एक बाई आली, हंडा घेऊन. संध्याकाळच्या खेळाला थेटर भरलं. आठवड्याच्या आत हाऊसफुल्लची पाटी शोधावी लागली. ती माळ्यावर सापडली, वाळवीनं निम्मी खाल्लेली. हंडे कुठं ठेवायचे हा प्रश्न आला. बाहेर ठेवले तर चोरीला जातील म्हणून बायका ते मांडीवर घेऊन बसायच्या. पुढच्या माणसाला हंड्याची कड लागायची, मागच्याला पडदा दिसायचा नाही. भांडणं व्हायची, आणि प्रत्येक भांडणाबरोबर हंडे वाजायचे. मामानं मग फतवा काढला, बाकड्यावर रिकाम्या जागी हंडा ठेवायचा असेल तर त्याचं तिकीट काढावं. लोकांनी काढली! हंड्याचं तिकीट काढलं की हंड्यामागंही एक हंडा पाणी मिळायला पाहिजे, असं गल्लीतल्या खालानं ठणकावून सांगितलं. "बैठा ना वो पूरा पिक्चर? उठ को गया क्या?" मामाला ते मानावं लागलं. हंडा पिक्चरभर जागचा हललेला नव्हता हे खरं होतं.

खाला म्हणजे थेटरसमोर बांगड्यांचं दुकान चालवणारी म्हातारी. तिनं पंचवीस-तीस वर्षं थेटरच्या तोंडावर बसून एकही पिक्चर बघितला नव्हता. आता ती रोज यायची. तिच्यामुळं हिरवा पडदाही खऱ्या अर्थानं कामाला लागला. जनान्यात खाला, तिच्या सुना, शेजारी देवगावच्या बिगारी बायका, त्यांच्या पलीकडं आमच्या गल्लीतल्या मास्तरणी, आणि एक दिवस, नाकापर्यंत पदर घेऊन, माझी आई. मी ऑफिसातून थेट तिथं गेले होते, तिला पाहून हसायला लागले. ती म्हणाली, "दात काय काढतेस? घरी तांब्याभर पाणी नाय." चिडली की तिच्या तोंडून माहेरचं मराठी निघायचं.

पिक्चर एकच होता. दुसरा आणायची गरजच नव्हती. तो इतका भिकार होता की मुंबईतही त्याला दुसरा आठवडा मिळाला नव्हता. नायक आंधळा, त्याचा ताटातूट झालेला जुळा भाऊ डोळ्यांचा डॉक्टर, आणि दोघांची भेट शेवटपर्यंत होत नाही, कारण नायक दवाखान्यात जातो त्या दिवशी डॉक्टर प्रेमात पडायला काश्मीरला गेलेला असतो. लोकांना पहिले काही दिवस या मूर्खपणाचं काही वाटलं नाही, सगळ्यांचं लक्ष शेवटाकडं. पण रोज बघून बघून ते त्यात गुंतले. देवगावच्या बायका नायकाला ओरडून सांगायच्या, "आरं आज नको जाऊ, आज डाक्टर नाय!" तो जायचाच. मग त्या कपाळावर हात मारायच्या. रोज.

खरी पंचाईत होती पावसाच्या गाण्याची. नायिका पाचेक मिनिटं धो धो पावसात नाचते. ते गाणं लागलं की थेटरात दंगा व्हायचा. पाऊस खोटा आहे, पाइपानं सोडलेला आहे, हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्याचाच संताप होता. "बंद करा तो पाइप!" बाल्कनीतून कुणी ओरडायचं. "लई माजलीय ही बया," देवगावची एक बाई म्हणायची, "आमचं हितं ढोर मेलं तहानंनं." आई, माझी आई, कोणे एके काळी मंगळागौरीला गाणी म्हणणारी बाई, उभी राहून नायिकेला शिव्या द्यायची. शेवटी एक शिष्टमंडळ मामाकडं गेलं, गाणं कापा म्हणून. मामा म्हणाला, "पिक्चरला कात्री लावणार नाही." बऱ्याच वादावादीनंतर तोड निघाली. गाणं दाखवायचं, पण त्या वेळात पाण्याचा निषेध म्हणून सगळ्यांनी पडद्याकडं पाठ करून बसायचं. मी स्वतः बघितलंय ते. सगळं थेटर, हंड्यांसकट, उलटं बसलेलं, आणि मामा समोर उभा राहून गाणं संपलं की सांगायचा, "वळा आता."

करमणूक कराचा एक इन्स्पेक्टरही येऊन गेला. पाणी ही करमणूक आहे की नाही, हा त्याचा प्रश्न होता. करमणूक असेल तर कर लागेल, नसेल तर थेटरात ती का चाललीय? मामानं त्याला तिकीट दिलं आणि आत बसवलं. तो पिक्चर संपल्यावर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "करमणूक नाही," तो म्हणाला. पाण्याबद्दल की पिक्चरबद्दल, ते मामानं विचारलं नाही.

अशा रीतीनं त्या पिक्चरची सिल्व्हर ज्युबिली झाली. आख्ख्या देशात फक्त आमच्याकडं. निर्मात्यानं मुंबईहून तार पाठवली, त्यात रसिक औरंगाबादकरांचे आभार मानले होते. ती तार मामानं फ्रेम करून तिकीटखिडकीच्या वर लावली. त्याच्या डोक्यात लोक पिक्चरसाठी येत होते. मी म्हटलं, "मामा, अरे ते पाण्यासाठी येतात." तो म्हणाला, "येऊ दे की. बसतात ना?"

पण आतून त्याला कळत होतं. पाऊस पडला की थेटर मेलं. त्या उन्हाळ्यात सगळं शहर आभाळाकडं बघत होतं आणि माझा मामा तेवढा खाली बघून चालायचा. एका दुपारी ढग आले तर गल्लीत लोक नाचायला लागले आणि हा घामाघूम होऊन घरी आला. आईनं त्याचं तोंड बघितलं आणि तिला सगळं समजलं. "पाऊस नको म्हणतोस?" तिनं विचारलं. "मी काही म्हटलेलं नाही," मामा म्हणाला. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ढग आपले निघून गेले होते, पण अबोला राहिला.

याच सुमारास जुन्या वास्तू जपण्याची एक सरकारी योजना आल्याचं पेपरात छापून आलं. मामाला वाटलं, हा आपला मार्ग. थेटर एकदा वारशाच्या यादीत गेलं की मालकाचा मुलगा टेप घेऊन कितीही मोजू दे. पण एक अडचण होती, आणि ती आमच्या गावाबाहेरच्या माणसाला कळायची नाही. आमच्याकडं लेणी दीड-दोन हजार वर्षांची, दरवाजे तीन-चारशे वर्षांचे, मशिदी, मकबरे, नहरी. थेटर जेमतेम मामाच्या वयाचं. आमच्या गावात याला जुनं म्हणत नाहीत, परवाचं म्हणतात. तेव्हा अर्जात काहीतरी जुनं घालणं भाग होतं. इंटरव्हलमध्ये मामानं अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला आणि सगळ्या थेटरनं त्यात भर घातली. खाला हंड्यावर थाप मारून म्हणाली, "बावडी लिखो ना! चारसौ साल की बावडी. नहर का पानी लिखो." बाल्कनीतून टाळ्या. "वजन आलं," एक मास्तर म्हणाले. मग बावडी पहिल्या परिच्छेदात गेली, थेटर तिसऱ्यात. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, देवगावच्या बायकांनी अंगठे उठवले. पाणी वाटप त्या दिवशी उशिरा सुरू झालं, तरी कुणी कुरकुर केली नाही. मामाला इतका आनंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता.

पाहणीला साहेब लोक आले. त्यांच्यात एक म्हातारे तज्ज्ञ होते, पातळ अंगाचे, डोक्यावर टोपी. मामानं सकाळपासून बाकडी पुसून घेतली होती, मशीन चकचकीत केलं होतं, हिरवा पडदा धोब्याकडून आणला होता. तज्ज्ञ थेटरातून न थांबता सरळ मागच्या अंगणात गेले आणि बावडीच्या काठावर पालथे झोपले. त्यांनी टॉर्च मारला, दगडाला हात लावला, पाणी हुंगलं. "खापराची नळी!" ते ओरडले. "शाबूत आहे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा मागं उभा राहून सांगत होता, "साहेब, बाल्कनी बघून घ्या, सागवानी आहे. जनान्याचा पडदा बघा." साहेब उठले, कपडे झटकले आणि बावडीला टेकलेल्या थेटरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "ही भिंत कुणी बांधली?"

"आमच्या मालकांच्या वडिलांनी," मामा अभिमानानं म्हणाला.

"बावडीला चिकटवून?"

"हो साहेब. गारव्यासाठी."

साहेबांनी मान हलवली. शेजारच्यानं काहीतरी टिपून घेतलं.

निकाल सहा-सात महिन्यांनी आला, मधला पावसाळाही कोरडाच गेला होता. बावडी अत्यंत मौल्यवान वारसा ठरली होती. तिचं तात्काळ संरक्षण करायचं होतं, तिच्यातून पाणी उपसायला सक्त मनाई होती, आणि तिला खेटून असलेलं अलीकडचं बांधकाम, म्हणजे थेटर, अतिक्रमण म्हणून काढून टाकायचं होतं. मालकांना बदल्यात बायपासला मोठा प्लॉट मिळाला. मालकाचा मुलगा पेढे घेऊन आमच्या घरी आला आणि मामाच्या पाया पडला. "काका, मी इतकी वर्षं नुसता टेपनं मोजत बसलो, तुम्ही एका अर्जात काम केलं," तो म्हणाला. तो हे टोमण्यानं बोलत नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. आई पेढ्यांचा बॉक्स तसाच उचलून मोलकरणीला देऊन आली.

मामा ऑफिसांतून फिरला. थेटर नका पाडू म्हणाला, हवं तर अर्ज मागं घेतो म्हणाला. अर्ज मागं घेता येतो, वारसा मागं घेता येत नाही, असं एका कारकुनानं त्याला समजावलं. थेटरही कधीतरी वारसा होईल, पण त्याला अजून अडीच-तीनशे वर्षं आहेत, असंही तो म्हणाला.

थेटर पाडायला फार दिवस लागले नाहीत. पाऊस त्या वर्षी बरा झाला. भिंती गेल्यावर बावडीभोवती लोखंडी कठडा आला, त्यावर माहितीची पाटी. मग पत्र आलं. हा वारसा उजेडात आणणारे जागरूक नागरिक म्हणून मामाचा जाहीर सत्कार होता, त्याच जागेवर. मामा जाणार नाही असं मला वाटत होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, गंध लावून गेला. आई म्हणाली, "मीही येते."

जिथं बाकडी होती तिथं मांडव घातला होता, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे आले होते, खाला, मास्तर, देवगावच्या बायका. त्याच टोपीवाल्या तज्ज्ञ साहेबांनी बावडीवर तासभर भाषण केलं. मग शाल, श्रीफळ, हार. मामाला माईकसमोर उभं केलं. त्याला बोलायची सवय नव्हती. त्यानं समोरच्या भरलेल्या खुर्च्यांकडं बघितलं.

"मी थेटर मागितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही मला बावडी दिली."

साहेब खळखळून हसले. मंचावरचे सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मामाही जरासा हसला, लोक हसतात म्हणून. आणि माझ्या शेजारची खुर्ची मागं ढकलली गेली. आई उभी राहिली होती.

"हसता काय?" ती मंचाकडं बघून ओरडली. "इनोद नाय करत तो. थेटर मागतोय तो. त्याचं थेटर होतं हे. आयुष्य गेलंय त्याचं हितं. द्या परत."

मागून खाला म्हणाली, "हौ, दे देव ना. गरीब आदमी मांग रा." देवगावच्या बायकाही उठल्या. साहेब चांगले माणूस होते, ते गोंधळले. त्यांनी माईक स्वतःकडं घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "ताई, आपली भावना मी समजू शकतो. आपण असं करू, रीतसर एक अर्ज द्या."

"नको साहेब," मामा म्हणाला. त्यानं शाल अंगावर तशीच ठेवून हात जोडले. "अर्ज नको."

आणि तो रडायला लागला. तोंडावर हात घेऊन, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसं. माईक त्याच्या तोंडासमोर होता. तो बंद करायचं कुणालाही सुचलं नाही, आणि ते रडणं कर्ण्यांमधून सगळ्या शहागंजात ऐकू जात राहिलं.